मूल होत नसेल तर आधी तपासणी कोणाची? पुरुषांमधील वंध्यत्व आणि त्याची कारणं

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली की घरात, समारंभात, शेजारीपाजारी एक प्रश्न सुरू होतो. 'काय, गोड बातमी कधी?' हा प्रश्न बहुतेक वेळा सुनेला विचारला जातो. पुढे डॉक्टरांकडे जायची वेळ आली तरी आधी तिलाच नेलं जातं. सोनोग्राफी, हार्मोन्सच्या रक्ततपासण्या, गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे, कधी दुर्बिणीतून तपासणी. जोडीला उपासतापास आणि नवस. या सगळ्यात वर्ष-दोन वर्षं निघून जातात आणि मग कुणीतरी सुचवतं, 'नवऱ्याचंही एकदा तपासून घ्या.'

खरं तर ही शेवटी सुचणारी तपासणी सगळ्यात सोपी असते. सुई नाही, भूल नाही, काही कापाकापी नाही. खर्चही स्त्रीच्या तपासण्यांच्या मानाने अगदी थोडा. तरीही ती टाळली जाते, कारण मूल न होणं ही बाईचीच अडचण असते असं आपण धरून चाललेलो असतो. आपल्या भाषेतही 'वांझ' हा शब्द आहे तो बाईसाठीच. पुरुषासाठी वापरले जातात ते 'नामर्द' किंवा 'नपुंसक' हे शब्द, आणि त्यांचा अर्थ मुळात वेगळाच आहे.

वंध्यत्व म्हणजे नेमकं काय?

कोणतंही गर्भनिरोधक न वापरता, नियमित शरीरसंबंध असूनही १२ महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. पत्नीचं वय ३५ पेक्षा जास्त असेल तर सहा महिन्यांनंतरच तपासणी सुरू करावी, असं डॉक्टर सांगतात.

या व्याख्येतला 'नियमित' हा शब्द महत्त्वाचा आहे. नवरा मुंबईत किंवा आखातात नोकरीला, बायको गावी आणि भेट गणपतीत नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत, असं असेल तर लग्नाला तीन वर्षं झाली तरी प्रत्यक्ष संधी फार कमी मिळालेल्या असतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण १२ ते २४ तासच फलनक्षम असतं. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणजे महिन्यातले जेमतेम सहा दिवस गर्भधारणेचे. ते चुकले तर दोघांमध्ये काहीही दोष नसतानाही मूल होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के लोकांना, म्हणजे साधारण सहातल्या एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो. काहींमध्ये तेच एकमेव कारण असतं, तर काहींमध्ये स्त्री आणि पुरुष दोघांमध्येही अडचण असते. म्हणूनच दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करणं हा शहाणपणाचा मार्ग आहे.

नपुंसकत्व वेगळं, वंध्यत्व वेगळं

लिंगाला ताठरता न येणं किंवा शरीरसंबंध करता न येणं म्हणजे नपुंसकत्व. वंध्यत्वाचा संबंध शुक्राणूंशी आहे. वंध्यत्व असलेल्या बहुसंख्य पुरुषांचं लैंगिक जीवन अगदी सामान्य असतं. इच्छा असते, ताठरता येते, वीर्यही येतं. त्यामुळे 'मला काही त्रास नाही, मग माझी तपासणी कशाला?' या प्रश्नात तथ्य नाही.

वीर्याकडे पाहूनही काही कळत नाही. वीर्याचा बहुतांश भाग हा वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून आलेला द्रव असतो. शुक्राणूंचा वाटा त्यात काही टक्क्यांचाच असतो. म्हणूनच नसबंदीनंतरही पुरुषाच्या वीर्याचं प्रमाण पूर्वीसारखंच वाटतं. 'घट्ट' वीर्यात शुक्राणू नसू शकतात आणि 'पातळ' वीर्यात ते भरपूर असू शकतात.

कायदाही हा फरक करतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार नपुंसकत्वामुळे शरीरसंबंधच होऊ शकला नसेल तर विवाह रद्द करण्याची मागणी करता येते. केवळ मूल होत नाही, हे त्या कलमाखालचं कारण नाही.

शुक्राणू तयार कसे होतात?

कारणं समजून घ्यायची तर आधी हे काम चालतं कसं ते पाहावं लागेल.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते. तिच्यातून एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स रक्तात सोडली जातात. एलएचमुळे वृषणांमध्ये टेस्टोस्टेरॉन तयार होतं. एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन मिळून वृषणातल्या बारीक नलिकांमध्ये शुक्राणूंची निर्मिती सुरू ठेवतात. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात. त्यानंतर तो वृषणाला चिकटून असलेल्या एका लांबलचक गुंडाळलेल्या नळीतून पुढे सरकतो. तिथे त्याला पोहण्याची ताकद येते आणि मग तो शुक्रवाहिनीतून वर जातो. हा सगळा प्रवास सुमारे तीन महिन्यांचा आहे.

हे तीन महिने लक्षात ठेवा. आज दिसणारा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीपासूनच्या तब्येतीचा असतो. मध्यंतरी टायफॉइड, डेंग्यू किंवा कोणताही मोठा ताप येऊन गेला असेल तर संख्या तात्पुरती घटलेली दिसू शकते. आज तंबाखू सोडली तर त्याचा परिणामही पुढच्या आठवड्यात दिसणार नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. वृषणं शरीराबाहेर पिशवीत असतात ती उगाच नाही. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सियस कमी तापमान लागतं.

कारणं कोणती?

हार्मोनचा संदेशच न मिळणं. पिट्युटरी ग्रंथीतून पुरेसं एफएसएच, एलएच सुटलं नाही तर वृषणं निरोगी असूनही काम करत नाहीत. हा दोष जन्मजात असू शकतो किंवा पिट्युटरीमधल्या गाठीमुळे नंतर उद्भवू शकतो. हे कारण तुलनेने कमी आढळतं, पण सापडलं तर औषधांनी चांगला फरक पडतो.

व्हेरिकोसील. वृषणातून अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगतात. पायावर व्हेरिकोज व्हेन्स दिसतात तसाच हा प्रकार, बहुतेकदा डाव्या बाजूला. साधारण १५ टक्के पुरुषांमध्ये तो असतो आणि त्यातल्या अनेकांना व्यवस्थित मुलं होतात. पण पहिलं मूलच होत नसलेल्या पुरुषांमध्ये हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. साचलेल्या रक्तामुळे वृषणाचं तापमान वाढतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

वृषण खाली न उतरणं. गर्भात वृषणं पोटात तयार होतात आणि जन्माच्या सुमारास खाली पिशवीत येतात. काही मुलांमध्ये एक किंवा दोन्ही वृषणं वरच अडकतात. सहा महिन्यांपर्यंत ती आपोआप खाली आली नाहीत तर साधारण दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी. 'मोठा झाला की येईल खाली' म्हणून थांबल्यास पुढे शुक्राणूंवर परिणाम होतो आणि वृषणाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

जनुकीय कारणं. पुरुषात सहसा एक्स आणि वाय अशी गुणसूत्रांची जोडी असते. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये एक एक्स जास्तीचा असतो. अनेकांना हे मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळतं, कारण बाकी आयुष्य सर्वसाधारण असतं. काहींमध्ये वाय गुणसूत्राचा छोटा तुकडा गहाळ असतो, तर काहींमध्ये शुक्रवाहिनीच जन्मतः तयार झालेली नसते.

संसर्ग. वयात आल्यानंतर गालगुंड झाले तर काही पुरुषांच्या वृषणांना सूज येते आणि क्वचित कायमचं नुकसान होतं. गनोरिया, क्लॅमिडिया यांसारख्या लैंगिक आजारांमुळे नळ्यांमध्ये अडथळा येऊ शकतो. आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. टीबी फक्त फुप्फुसांचा नसतो, तो जननमार्गातही होतो.

मार्गातला अडथळा. संसर्ग, जुनी दुखापत, हर्नियाची शस्त्रक्रिया किंवा नसबंदी यांमुळे शुक्राणू तयार होऊनही बाहेर येऊ शकत नाहीत. मधुमेह बराच काळ अनियंत्रित राहिला तर नसांवर परिणाम होऊन वीर्य बाहेर येण्याऐवजी उलटं मूत्राशयात जाऊ शकतं.

औषधं आणि उपचार. कर्करोगावरची केमोथेरपी आणि रेडिएशन शुक्राणूनिर्मिती थांबवू शकतात. तरुण रुग्णाने उपचार सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. आतड्यांच्या आजारात दिलं जाणारं सल्फासॅलाझीन शुक्राणूंची संख्या कमी करतं. हा परिणाम औषध बदलल्यावर सहसा निघून जातो. मात्र कोणतंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

सवयी आणि काम. धूम्रपान, तंबाखू, अतिमद्यपान आणि लठ्ठपणा यांचा शुक्राणूंवर परिणाम होतो. जास्त चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, त्यामुळे हार्मोन्सचा तोल बिघडतो. भट्टीजवळचं काम, शिसं आणि काही कीटकनाशकं यांच्याशी सततचा संबंध, याचीही माहिती डॉक्टरांना द्यावी.

कामाच्या जागेचा परिणाम किती गंभीर असू शकतो याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांच्या आपसातल्या गप्पांत लक्षात आलं, की आपल्यापैकी फारच थोड्यांना मुलं होत आहेत. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प किंवा शून्य निघाले. पिकांच्या मुळांवरचे सूत्रकृमी मारणारं डीबीसीपी हे रसायन त्याला कारणीभूत होतं. पुढे अमेरिकेत त्याच्या बहुतेक वापरावर बंदी आली. एकेकाने ही गोष्ट लाजेपोटी मनातच ठेवली असती तर कारण कदाचित सापडलंच नसतं.

एवढं सगळं तपासूनही साधारण ३० ते ४० टक्के पुरुषांमध्ये नेमकं कारण सापडत नाही. याचा अर्थ उपाय नाही असा होत नाही.

जिममधलं इंजेक्शन

या कारणाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

पिळदार शरीरासाठी काही तरुण टेस्टोस्टेरॉन किंवा अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतात. 'पुरुषी हार्मोन' वाढलं की शुक्राणूही वाढतील असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात उलट होतं. बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉन रक्तात वाढलं की पिट्युटरी आपलं काम थांबवते. एफएसएच आणि एलएच सुटेनासं झालं की वृषणांमधलं उत्पादन मंदावतं आणि कित्येकदा पूर्ण थांबतं. वृषणं आकाराने लहान होतात. ही परिणामकारकता इतकी आहे की टेस्टोस्टेरॉनचा पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून अभ्यास झाला आहे.

इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांची शुक्राणूनिर्मिती परत सुरू होते, पण त्याला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. काहींमध्ये ती पूर्ववत होतही नाही. डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवली तर निदान भलतीकडेच जातं.

तपासणी कशी होते?

पहिली पायरी वीर्यतपासणीची, म्हणजे सीमेन अ‍ॅनालिसिसची. त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन झालेलं नसावं. नमुना शक्यतो लॅबमध्येच, स्वच्छ डबीत द्यायचा. घरी घेतला तर तासाभराच्या आत, फार थंड किंवा गरम न होऊ देता पोचवायचा. साधा कंडोम वापरून नमुना घेऊ नये आणि तेल किंवा थुंकी लावू नये, कारण त्याने शुक्राणूंना इजा होते. नमुन्याचा काही भाग सांडला तर तसं सांगावं.

रिपोर्टमधले आकडे वाचताना जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेतल्या किमान मर्यादा उपयोगी पडतात. वीर्याचं प्रमाण १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण संख्या ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा पाहून अनेकजण घाबरतात. पण निरोगी, बाप झालेल्या पुरुषांमध्येही बहुतांश शुक्राणू वेडेवाकडेच असतात.

हे आकडे म्हणजे पास-नापासची रेषा नाही. त्याखाली असलेल्यांनाही मुलं होतात आणि वर असलेल्यांनाही अडचण येऊ शकते. एकाच पुरुषाचे आकडेही वेळोवेळी बदलतात. म्हणून पहिला रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात.

वीर्यात एकही शुक्राणू न सापडणं याला अझूस्पर्मिया म्हणतात. सुमारे १ टक्का पुरुषांमध्ये आणि वंध्यत्व असलेल्या पुरुषांपैकी १० ते १५ टक्क्यांमध्ये तो आढळतो. अशा वेळी शुक्राणू तयारच होत नाहीत, की तयार होऊन वाटेत अडकतात, हा कळीचा प्रश्न असतो. त्यासाठी शारीरिक तपासणी, हार्मोन्स, गरज पडल्यास सोनोग्राफी आणि जनुकीय तपासण्या करतात. हे काम यूरोलॉजिस्ट किंवा पुरुष प्रजननाचे तज्ज्ञ, म्हणजे अँड्रॉलॉजिस्ट करतात. नुसता रिपोर्ट पाहून थेट आयव्हीएफ सुचवलं गेलं तर 'आधी नवऱ्याची नीट तपासणी करूया' असं म्हणायला हरकत नाही. या तपासणीत कधीकधी वृषणातली गाठ किंवा मधुमेहासारखा दुसराच आजारही वेळीच सापडतो.

उपाय काय आहेत?

उपाय कारणावर अवलंबून असतो. हार्मोनचा संदेश कमी असेल तर इंजेक्शनं देऊन निर्मिती सुरू करता येते. हाताला जाणवणारं व्हेरिकोसील असेल आणि रिपोर्ट बिघडलेला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्याचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. अडथळा असेल तर काही वेळा तो शस्त्रक्रियेने दूर करता येतो, नाहीतर सुईने थेट शुक्राणू काढून घेता येतात.

संख्या थोडी कमी असेल तर शुक्राणू धुऊन, निवडून गर्भाशयात सोडतात, त्याला आययूआय म्हणतात. संख्या फारच कमी असेल तर इक्सी. यात एकच शुक्राणू बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडला जातो. या पद्धतीने झालेली पहिली गर्भधारणा बेल्जियममधल्या ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये जाहीर केली. त्याआधी मुंबईत, १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं होतं. पण आयव्हीएफसाठी शुक्राणू भरपूर लागत. इक्सीमुळे ज्यांना एरवी बाप होता आलं नसतं अशा असंख्य पुरुषांना वाट मिळाली. वीर्यात शुक्राणू शून्य असतानाही, मायक्रोस्कोपखाली वृषण तपासून काही पुरुषांमध्ये इक्सीपुरते शुक्राणू मिळू शकतात.

मात्र एक बाब समजून घ्यावी. इक्सीमध्येही सुया, हार्मोन्स आणि भूल यांचा त्रास पत्नीलाच होतो, दोष पुरुषाचा असला तरी. आणि वाय गुणसूत्रातला दोष असेल तर तो मुलाकडे जातो. म्हणून जनुकीय समुपदेशन आधी घ्यावं.

शुक्राणू मिळालेच नाहीत तर दात्याचे शुक्राणू किंवा दत्तक हे पर्याय आहेत. भारतात २०२१ च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार क्लिनिक आणि शुक्राणू बँक नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. उपचारांसाठी स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं, आणि लेखी संमती लागते. या मार्गाने जन्मलेलं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच असतं.

भिंतीवरच्या जाहिराती आणि पावडरी

रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर, एसटी स्टँडच्या आवारात 'गुप्तरोग', 'धातुक्षय', 'शर्तिया इलाज' अशा जाहिराती आपण लहानपणापासून पाहतो. लाजेपोटी अनेकजण डॉक्टरांऐवजी तिथे जातात. हस्तमैथुनाने वंध्यत्व येत नाही. वीर्य गेल्याने शरीराची शक्ती कमी होत नाही. या दोन समजुतींवरच हा धंदा बराचसा चालतो.

मेडिकलच्या दुकानातल्या गोळ्यांबद्दलही सावध असावं. अमेरिकेत २,३७० जोडप्यांमधल्या पुरुषांना झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड किंवा नुसत्या दिसायला तशाच गोळ्या सहा महिने देऊन पाहिल्या गेल्या. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्या गोळ्यांनी ना वीर्याचा दर्जा सुधारला, ना मुलं होण्याचं प्रमाण वाढलं. तंबाखू सोडणं, वजन आटोक्यात आणणं आणि मधुमेह नियंत्रणात ठेवणं यांचा फायदा यापेक्षा जास्त आहे.

वेळ कोणाची जाते?

पुरुषाने तपासणी टाळली तर त्याचं फारसं बिघडत नाही, असं वरवर वाटतं. वय वाढलं तरी शुक्राणू तयार होत राहतात, जरी त्यांचा दर्जा हळूहळू उतरत असला. पण स्त्रीबीजांची संख्या जन्मापासून ठरलेली असते आणि पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता झपाट्याने कमी होते. नवऱ्याने तपासणीला लावलेली दोन वर्षं पत्नीच्या खात्यातून वजा होतात. पुढे उपचार सुरू होतात तेव्हा तिचं वय हीच नवी अडचण होऊन बसते.

'आधी एक मूल झालंय, म्हणजे माझ्यात दोष नाही' हेही खरं नाही. मधल्या काळात संसर्ग, आजार, औषधं, व्हेरिकोसील यांमुळे परिस्थिती बदललेली असू शकते.

त्यामुळे वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नसेल तर डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जा आणि पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्या लिहून घ्या. लहानपणी वृषणाची शस्त्रक्रिया, गालगुंड, टीबी, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड यांपैकी काही झालेलं असेल तर वर्षभरही थांबू नका. आणि सासू-सासरे, आई-वडील यांच्यासाठी एवढंच, की सुनेला डॉक्टरांकडे पाठवताना मुलालाही सोबत पाठवा.